व्रताचा कर्ता आणि तीन चमचे साखर

व्रतभंगाची चर्चा धर्मशास्त्रात बहुधा पदार्थ आणि तिथी यांच्याभोवती फिरते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा एक अख्खा खंड व्रतांना दिला, त्यातही तिथी-वारांप्रमाणे व्रतांची मांडणी आढळते. मधुमेही माणसाच्या उपवासाने मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न उभा राहतो, तो असा की, ज्या बुद्धीने संकल्प केला ती बुद्धीच उपवासाच्या ओघात काही काळ जागेवर राहिली नाही, तर त्या घटकेला व्रताचा कर्ता कोण?

नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि लातूरकरांना जवळची तुळजाभवानी यांच्यामुळे नांदेड-लातूर भागात शारदीय नवरात्राचे उपवास घरोघरी धरले जातात; कोणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, तर कोणी नऊही दिवस. कोजागरीला तुळजापूर गाठण्यासाठी कोसच्या कोस पायी निघणाऱ्यांत ज्यांना शुगरची गोळी चालू आहे अशी माणसेही असतात, आणि चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, तर पोटात फार तर थोडी भगर असते. साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन सोडते, त्यामुळे दरदरून घाम फुटतो, हात कापतात, छातीत धडधडते. ती ५४ च्याही खाली उतरली की मेंदूलाच इंधन अपुरे पडते, शब्द अडखळतात, माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. नवरात्रात हे चित्र उपवासाचा शीण किंवा अंगात येणे म्हणून खपून जाऊ शकते, हे विसरता येत नाही.

महाभारताच्या उद्योगपर्वात आलेल्या आणि धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी पुढे आधाराला घेतलेल्या एका परिगणनेनुसार पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. या उदार सवलतीचा व्यवहारात नेमका उलटा उपयोग होतो: औषध चालते म्हणून ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी पाण्याबरोबर घेतली जाते आणि अन्न चालत नाही म्हणून ते टाळले जाते. ही गोळी स्वादुपिंडाला, म्हणजे इन्शुलिन तयार करणाऱ्या ग्रंथीला, ते सोडायला लावते. पुढे फराळ आहे की निरंकार उपवास, याची तिला फिकीर नसते. ज्या नियमाने गोळीला वाट दिली, त्याच नियमाने साखरेलाही द्यायला हवी, कारण रक्तातली साखर उतरलेल्या घटकेला साखर हेच औषध असते.

अशा वेळी माणूस कित्येकदा तोंडापुढचा साखरपाण्याचा पेला दूर सारतो आणि उपवास असल्याचे सांगतो. हा नकार संकल्पातून आलेला नसून मेंदूच्या उपासमारीतून आलेला असतो, तेव्हा तो श्रद्धेचा मानून गप्प बसणे हा श्रद्धेचा आदर ठरत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, आणि कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आजाऱ्याला रोजे पुढे भरून काढण्याची मुभा आहे. नांदेडच्या देगलूर नाक्यावरचा रोजेदार आणि लातूरच्या गंजगोलाईतला एकादशीकरी यांना आपापल्या परंपरेने हा मार्ग आधीच मोकळा ठेवला आहे.

शुद्धीवर असलेल्याला सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा कामाचा नाही, कारण त्यातील स्निग्धांश साखर रक्तात उतरायला उशीर लावतो. बरे वाटल्यावरही काही खायला हवे, कारण गोळीचा अंमल तासन्‌तास टिकतो. बेशुद्धाच्या तोंडात तीर्थसुद्धा घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

उरलेल्या व्रताची सोयही शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. असमर्थाच्या वतीने पती, पत्नी, मुलगा, भाऊ किंवा पुरोहित यांनी उपवास केला तरी तो मूळ व्रतकर्त्याच्याच नावे जमा होतो. अर्थात हा प्रतिनिधी कोण आणि गोळीचे प्रमाण किती, हे घटस्थापनेच्या आधी, व्रतकर्त्याची बुद्धी शाबूत असताना, घरात आणि डॉक्टरांशी बोलून ठरलेले असावे लागते.