मुदत नसलेली गुप्तता

मयूर विहारातल्या कुठल्याही घरात संगणक उघडून बसले, तर 5 नोव्हेंबर 1971 च्या सकाळी वॉशिंग्टनच्या ओव्हल ऑफिसात काय बोलले गेले ते आपल्या कानांनी ऐकता येते. आदल्या दिवशी इंदिरा गांधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटल्या होत्या. दुसऱ्या भेटीची वेळ होण्यापूर्वी निक्सन आणि हेन्री किसिंजर त्यांच्याविषयी आणि एकंदर भारतीयांविषयी जे बोलतात, ते सभ्य माणसाने घरात उच्चारू नये असे आहे. हे ऐकायला पैसे पडत नाहीत, अर्ज करावा लागत नाही, तुम्ही कोणत्या देशाचे असेही कुणी विचारत नाही.

याच घरातून निघून मेट्रोने यमुना ओलांडली आणि जनपथावर गेले, की राष्ट्रीय अभिलेखागाराची 1926 सालची भारदस्त इमारत लागते. 1971 मध्ये आपल्या बाजूला काय बोलले गेले, कुणी काय सल्ला दिला, कोणता सल्ला फेटाळला गेला, हे तिथे जाऊन वाचावे असे वाटणे साहजिक आहे. पण डिसेंबर 2022 मध्ये अभिलेखागाराच्या तेव्हाच्या महासंचालकांनीच सांगितले होते, की 1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांचे दस्तऐवज संस्थेकडे नाहीत. केंद्र सरकारच्या 151 मंत्रालये आणि विभागांपैकी जेमतेम 36 जणांनी आपले कागद तिथे सोपवले होते.

यावरून निघणारा नेहमीचा निष्कर्ष सोपा आहे: ते मोकळे, आपण बंदिस्त. तो खोटा नाही, पण त्याने फारसे काही कळत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. राज्यकर्ता लाखो लोकांच्या नावाने एखादा निर्णय घेतो, तेव्हा त्या निर्णयाचा कागद कुणाचा असतो? ज्याने सही केली त्याचा, ज्या खात्याच्या कपाटात तो ठेवला त्या खात्याचा, की ज्यांनी त्या निर्णयाचे परिणाम भोगले त्यांचा?

अमेरिकेतही या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ पहिलेच होते. राष्ट्राध्यक्ष पायउतार होताना आपले कागद बरोबर घेऊन जाई, कारण ती त्याची खासगी मालमत्ता समजली जाई. निक्सन यांच्या ध्वनिफितींनी ही समजूत मोडली. 1971 ते 1973 या काळात त्यांनी स्वतःच बसवून घेतलेल्या यंत्रणेत सुमारे 3,700 तासांचे संभाषण साठले होते. राजीनाम्यानंतर झालेल्या करारात या फिती पुढे नष्ट करण्याची सोय होती. तो करार रद्द करायला काँग्रेसने 1974 मध्ये कायदा केला, निक्सन त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने नंतरच्या राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत कागद देशाच्या मालकीचे ठरले.

एवढ्याने भागले नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या परराष्ट्र धोरणाची कागदपत्रे खंडाखंडांनी प्रसिद्ध करते. 1989 मध्ये इराणवरचा खंड आला, तेव्हा 1953 मध्ये मोसादेक यांचे सरकार उलथवण्यात सीआयएचा जो हात होता, त्याचा त्यात मागमूस नव्हता. इतिहासकारांनी आरडाओरडा केला, खात्याच्या सल्लागार समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि 1991 मध्ये कायदा झाला, की ही नोंद पूर्ण व विश्वासार्ह असली पाहिजे आणि तीस वर्षांच्या आत बाहेर आली पाहिजे. म्हणजे मयूर विहारातून आज जे ऐकू येते, ते कुणाच्या औदार्याने येत नाही. राज्यकर्त्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असे त्या समाजाने तीन-चार वेळा तोंड पोळल्यावर ठरवले, त्याचे ते फळ आहे.

दफ्तर आणि सत्ता यांचे नाते मराठी वाचकाला नवे नाही. 1818 नंतर पेशव्यांचे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामे आणि वतने तपासायला त्यांना ते उपयोगी होते, म्हणून त्यांनी ते जपले. पण ज्यांचा तो इतिहास, त्यांना त्याचे दार सहजासहजी उघडत नव्हते. राजवाडे गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल उतरवून कागद का गोळा करत होते, याचे एक कारण तेच. 1898 मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली. सरकारच्या ताब्यातल्या दफ्तरातून निवडक कागद छापले जायला 1930 साल उजाडावे लागले. तेव्हा गो. स. सरदेसाई यांनी पंचेचाळीस खंडांचे ते काम तडीला नेले.

राजवाड्यांचा बखरींवर राग होता, पण बखर म्हणजे निव्वळ थाप नव्हे. पराभव झालेल्या समाजाला काहीतरी सांगितले गेलेच पाहिजे. कागद हाती नसला, की ते काम बखर करते. ती शूराला अधिक शूर करते, एखाद्या माणसाच्या माथी सगळा दोष मारते आणि बाकीच्यांना मोकळे सोडते. पानिपतचे जे झाले, तेच 1962 चे झाले आहे. दिल्लीतल्या सोसायट्यांच्या बागांत सकाळी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींना त्या युद्धाबद्दल विचारून पाहावे. प्रत्येकाकडे आपली बखर तयार असते. कुणाच्या बखरीत सगळे पाप नेहरूंचे, कुणाच्या बखरीत कृष्ण मेनन यांचे, तर कुणाच्या बखरीत जनरल कौल यांचे. आणि प्रत्येक बखर तितकीच बिनतोड, कारण तिला खोडून काढणारा कागद कुणाच्याच हाती नाही.

तो कागद अस्तित्वात आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणत आलो. त्यांच्याच कारकिर्दीत लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी पराभवाची चौकशी केली. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची उतरंड, जवानांची शारीरिक क्षमता, सेनानींची कुवत, असे चौकशीचे ठरावीक विषय होते. 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला, आणि पूर्ण अहवाल उघड करणे सुरक्षेच्या व मनोधैर्याच्या दृष्टीने योग्य नाही, असे स्पष्ट केले. चिनी सैन्य माघारी जाऊन वर्षही झाले नव्हते. अशा वेळी दुसरा कुणी त्या खुर्चीत असता तरी त्याने बहुधा हेच केले असते.

मला त्या 1963 च्या निर्णयात दोष दिसत नाही. दोष दिसतो तो त्यानंतर प्रत्येक सरकारने तोच निर्णय विचार न करता पुढे ढकलण्यात. 2010 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की अहवालातला मजकूर आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मार्च 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाचा मोठा भाग परस्पर जगापुढे ठेवला. त्या वेळी विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटली यांनी लिहिले, की असे दस्तऐवज अनिश्चित काळ दडवून ठेवणे योग्य नाही. काही महिन्यांत ते स्वतः संरक्षणमंत्री झाले, आणि जुलैमध्ये त्यांच्या मंत्रालयाने अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही, असे संसदेला कळवले. तेव्हा याला एका पक्षाचे पाप म्हणता येत नाही. कपाटाची किल्ली हाती आली, की ती न वापरण्याची सवय कुणालाही जडते.

गुप्ततेच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. चीनची सीमा अजून ठरलेली नाही. काही पाने खरोखरच शत्रूच्या कामाची असू शकतात. शिवाय आपण लिहिलेली टिपणी उद्या सगळे वाचणार हे कळले, तर अधिकारी मोकळेपणाने सल्ला देणार नाही. खरे ते फोनवर बोलेल आणि कागदावर गुळगुळीत लिहील. यात तथ्य आहे. म्हणून कागद ताबडतोब उघडा, असे कुणी शहाणा म्हणत नाही. काही पाने झाका, काही वर्षे थांबा, पण किती वर्षे ते आधी सांगा, आणि ती संपल्यावर तपासणारा माणूस कपाटाच्या मालकाहून वेगळा असू द्या. ज्या गुप्ततेला मुदत असते ती जबाबदारी म्हणता येते. मुदत नसलेली गुप्तता ही मालकी होते, आणि जनतेच्या निर्णयांवर अशी मालकी कुणालाच नाही.

बंद कागदाने नुकसान फक्त इतिहासकारांचे होते, असा एक समज आहे. मोरारजी देसाई यांचे प्रकरण आठवावे. 1983 मध्ये सीमोर हर्श या अमेरिकी पत्रकाराने किसिंजर यांच्यावरच्या पुस्तकात लिहिले, की मोरारजी सीआयएकडून वर्षाला 20,000 डॉलर घेत होते. पंतप्रधानपद भूषवून झालेल्या, नव्वदीकडे झुकलेल्या या माणसाने अमेरिकेत अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1989 मध्ये शिकागोत तो चालला. किसिंजर यांनी साक्षीत सांगितले, की आपल्या माहितीप्रमाणे मोरारजी पगारी खबऱ्या नव्हते. हर्श यांनी आपल्या सूत्रांची नावे सांगितली नाहीत. ज्या फायलीत होय किंवा नाही हे लिहिलेले असणार, ती न्यायालयात उघडली नाही. सार्वजनिक जीवनातल्या माणसाला तिथल्या कायद्याने आरोप खोटा असल्याबरोबर तो खोटेपणाची जाणीव ठेवून किंवा बेपर्वाईने केला हेही सिद्ध करावे लागते. मोरारजी हरले.

मराठी माणसाला मोरारजींबद्दल प्रेम असण्याचे कारण नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला तेव्हा ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. हुतात्मा चौकातून जाताना ते नाव आपोआप आठवते. पण म्हणूनच हे उदाहरण कसोटीचे आहे. जो आपल्याला आवडतो त्याच्यासाठी न्याय मागणे सोपे असते. ज्याच्यावर आपला राग आहे, त्याच्यावर दुसऱ्याच गुन्ह्याचा न शाबीत झालेला डाग कायमचा राहावा, यात आपल्याला गुपचूप समाधान वाटत असेल, तर आपण कागदाची बाजू सोडून बखरीच्या बाजूला गेलो. कागद बंद ठेवल्याने दोषी माणूस सुटतो हे आपण नेहमी म्हणतो; निर्दोष माणसालाही सुटता येत नाही, हे क्वचितच म्हणतो. आणि निर्दोष कोण हे ठरवण्याचा दुसरा मार्ग आपल्याजवळ नसतो.

यात अमेरिकेची आरती ओवाळण्याचा हेतू नाही. मोरारजींची फाइल बंद ठेवणारा देश तोच आहे. आणि 1971 चे कागद उघडल्याने कुणाला शिक्षा झाली नाही. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 एप्रिल 1971 रोजी आपल्याच सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवणारी तार पाठवली. पूर्व पाकिस्तानात चाललेल्या कत्तलीविषयी आपले सरकार गप्प आहे, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असा तिचा आशय होता. ब्लड यांना तिथून हलवण्यात आले. एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले. 10 डिसेंबरला किसिंजर यांनी न्यूयॉर्कमध्ये चिनी राजदूताला भेटून भारताच्या सीमेवर हालचाल करण्याला उत्तेजन दिले. हे सगळे आज अमेरिकेच्याच अधिकृत खंडांत छापलेले आहे. किसिंजर यांनी आपल्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला आणि ते शंभर वर्षे जगले. उघडलेला कागद म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. बलवानाला आपली लाज उशिरा उघडी करणे परवडते, असेही कुणी म्हणेल.

तरीही ती तार दफ्तरात राहिली, हे थोडे नाही. ब्लड यांना त्या वेळी कुणी ऐकले नाही, पण सगळेच गप्प होते असे आता कुणाला म्हणता येणार नाही. कागद मेलेल्यांना परत आणत नाही. मात्र जिवंत असलेल्यांना त्यांच्याविषयी खोटे बोलणे कठीण करतो. आपल्याकडेही 1962 मध्ये, 1971 मध्ये कुणीतरी असे पत्र लिहिले असेल, कुणीतरी फायलीच्या समासात ‘मला हे मान्य नाही’ असे लिहून सही केली असेल. त्या माणसाचे नाव आपल्याला माहीत नाही, आणि त्याच्या नातवंडांनाही नसेल. परक्याच्या फितीतून आपण आपल्या पंतप्रधानांचा अपमान ऐकू शकतो, पण आपल्याच माणसाचा विवेक वाचू शकत नाही.

2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले, की युद्धांचे दस्तऐवज सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत. ते चांगलेच झाले. पण 1993 चा आपला सार्वजनिक अभिलेख कायदा नीट वाचला, तर एक गोष्ट ध्यानात येते. सरकारी कागद परवानगीशिवाय देशाबाहेर नेला किंवा नियम डावलून नष्ट केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पंचवीस वर्षे उलटून गेलेला कागद अभिलेखागाराला दिलाच नाही, तर त्याला शिक्षा सांगितलेली नाही. जाळणाऱ्याला आपण गुन्हेगार मानतो, कपाटाला कुलूप लावून निवृत्त होणाऱ्याला मानत नाही. वाळवीला या दोघांतला फरक कळत नाही.