सुधारायची घाई

इंदूरच्या आमच्या घरी मुलाचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. तो दौऱ्यावर गेला की बघायचं आम्ही दोघांनी. पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं, म्हणून पातळी उतरली की आरओचं साधंच पाणी घालायचं. आम्हाला वाटलं, समुद्राचे जीव, त्यांना खारंच हवं! दहा दिवस मिठाचं घातलं. मग रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला, तर ३५ च्या जागी ४०, म्हणजे किलोभर पाण्यात तेवढे ग्रॅम मीठ.

धास्तावून तासाभरात बादल्या भरून खारं काढलं, साधं ओतलं. आकडा ३५ वर आला, जीव भांड्यात पडला. रात्री पाहिलं तर मासे ठीक, पण लाल पट्ट्याची कोळंबी गेलेली. रोज एकेक आकडा उतरवायचा असतो.

चूक सुधारणं चांगलंच, पण ही घाई कोणासाठी होती? हळूहळू चढलेलं मीठ तिने सोसलं होतं. टोचणी आम्हालाच सोसवेना. मागे सुनेला नको ते बोललो, तेव्हाही संध्याकाळीच माफी मागून वर म्हटलं, "झालं ना आता? हस बघू!" ती हसली खरी. हल्ली नामाला बसलं की तिचं ते हसू आठवतं.