थांबायचं कोणी ठरवायचं?

सुनील छेत्री भारतीय फुटबॉल संघातून दोनदा निवृत्त झाला. पहिल्यांदा 16 मे 2024 रोजी व्हिडिओतून जाहीर करून, आणि मग 6 जूनला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धचा सामना खेळून. त्या संध्याकाळी पन्नास हजारांहून जास्त लोक आले होते. सामना 0-0 सुटला. छेत्रीला रडू आवरलं नाही, सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी रांगा करून त्याला मानवंदना दिली, क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचनं आधीच शुभेच्छा पाठवल्या होत्या. निरोप असावा तर असा, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. नऊ महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये, तो परत आला. नोव्हेंबरात पुन्हा थांबला, आणि या वेळी ना समारंभ झाला ना मानवंदना. प्रशिक्षक खालिद जमील यांना त्यानं सांगितलं आणि विषय तिथंच संपला.

या दोन निवृत्त्यांच्या मधल्या काळात आपण चाहते त्याच्याबद्दल जे बोललो, ते मला अजून खुपतं. सॉल्ट लेकच्या दृश्यानं ज्यांचे डोळे भरून आले होते, त्यांतल्या कित्येकांना त्याचं परत येणं फसवणूक वाटलं. मग तो निरोप काय होता, असा त्यांचा सूर. कोणी म्हणालं, मोह सुटत नाही. कोणी म्हणालं, चाळिशीतला माणूस पोरांची जागा अडवून बसलाय. उलट बाजूचे लोक तितक्याच तावातावानं विचारत होते की दुसरं आहे कोण, गोल कोण करणार. दोन्ही बाजूंनी गृहीत एकच धरलं होतं: छेत्रीनं खेळायचं की नाही, हे छेत्रीनं ठरवायचं. माझा आक्षेप नेमका या गृहीतावर आहे.

आधी हे लक्षात घ्यायला हवं की त्याच्या मनातली द्विधा लपलेली कधीच नव्हती. 2024 च्या त्या व्हिडिओत त्यानं स्वतःच सांगितलं होतं की देशासाठी खेळायला मिळत असेल तर आतलं लहान मूल कधीच थांबायला तयार नसतं, पण आतल्या जाणत्या खेळाडूला कळलं आहे की वेळ झाली. घरी सांगितलं तेव्हा वडिलांना हायसं वाटलं, आई आणि बायको मात्र रडल्या, हेही त्यानं सांगितलं. ज्या घरात त्याचे सामने बघण्याचं दडपण नको नको व्हायचं, तिथंच ते संपणार म्हणताच डोळ्यांत पाणी आलं. जो माणूस जाहीरपणे इतकं बोलतो, त्यानं आतला झगडा मिटला आहे असा दावा केलाच नव्हता. त्यातलं आपण फक्त निरोपाचं वाक्य ऐकलं, कारण आपल्याला तेच हवं होतं.

मराठी माणसाच्या मनात निवृत्तीचा म्हणून जो काही नियम आहे तो क्रिकेटनं घालून दिला आहे. लोकांनी ‘का नाही’ असं विचारण्याऐवजी ‘आताच का’ असं विचारावं, अशा वेळी थांबावं, हे विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं वचन आपल्याकडे घराघरांत पाठ आहे. मर्चंट स्वतःही बहरात असतानाच थांबले. 1951 साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध 154 धावा केल्या, वय चाळीस, आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. मर्चंट यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला वाटतं की या वचनात एक अन्याय आहे. खेळाडूनं कधी थांबावं याचं माप त्यात लोक काय म्हणतील हे आहे. आपल्या आठवणीतलं चित्र डागाळू नये म्हणून त्यानं स्वतःची खेळण्याची दोन वर्षं सोडून द्यावीत, अशी ती अपेक्षा आहे. चाहत्याला आठवण आयुष्यभर पुरते. फुटबॉलपटूला पाय एकदाच मिळतात, आणि पुढची चाळीस वर्षं त्याला न खेळता काढायची असतात.

शिवाय राष्ट्रीय संघातून ‘निवृत्त’ होणं ही गोष्टच मुळात विचित्र आहे. सरकारी नोकरीत अठ्ठावन्न किंवा साठ भरले की शाल-श्रीफळ घेऊन माणूस घरी जातो; तारीख नियमानं ठरलेली असते. राष्ट्रीय संघात कोणाची नेमणूक नसते. प्रत्येक सामन्याआधी संघ निवडला जातो, नाव आलं तर जायचं, नाही आलं तर घरी बसून बघायचं. खेळाडूचं काम खेळावंसं वाटणं आणि त्यासाठी शरीर तयार ठेवणं. ‘आता तू नको’ हे म्हणण्याचं काम प्रशिक्षकाचं, आणि ते अवघड असतं म्हणूनच त्याला पगार असतो. आपल्याकडे मोठ्या नावाला वगळण्याची हिंमत नसते, म्हणून आपण वाट बघत बसतो की त्यानंच शहाणपण दाखवून बाजूला व्हावं. तो झाला नाही तर दोष त्याचा.

छेत्रीला परत बोलावलं ते तेव्हाचे प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांनी. का बोलावलं हे समजायला आधीचं वर्ष बघावं लागतं. 2024 या अख्ख्या वर्षात भारतानं एकही सामना जिंकला नाही. यातला अर्धा काळ छेत्री संघात होता, हे विसरून चालणार नाही. जानेवारीत कतारमधल्या आशियाई करंडकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून भारत हरला आणि त्या तीन सामन्यांत आपला एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननं 2-1 हरवलं. भारताचा एकमेव गोल छेत्रीनं पेनल्टीवर केला, तो त्याचा 150 वा सामना होता. म्हणजे घसरण तो असतानाच सुरू झाली होती, तो गेल्यावर ती झाकायला कोणी उरलं नाही इतकंच. दुसरीकडे इंडियन सुपर लीगच्या 2024-25 च्या हंगामात बेंगळुरूसाठी या चाळिशीच्या माणसानं 14 गोल केले, त्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक. प्रशिक्षकापुढे हे आकडे असताना त्यानं फोन केला तर नवल काय? आणि फोन आल्यावर आतल्या त्या लहान मुलानं काय उत्तर दिलं असेल हे तर तो आधीच सांगून बसला होता.

19 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारत 3-0 जिंकला, जवळजवळ सोळा महिन्यांनी मिळालेला विजय. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, तिसरा छेत्रीचा, हेडरनं. त्याचा 95 वा आणि, आता म्हणता येतं, शेवटचा आंतरराष्ट्रीय गोल. सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध 0-0. तिथून टीकेचा सूर चढत गेला.

आता मूळ दुखण्याकडे येतो. भारतात मधल्या फळीतले, बाजूनं धावणारे, बचाव करणारे खेळाडू तयार होतात. गोलसमोर उभा राहणारा, ज्याला फुटबॉलमध्ये नऊ नंबर म्हणतात, तो तयार होत नाही. लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि बहुतेक क्लब त्यांतला एक तरी गोल करण्याच्या जागेवर लावतात. क्लबच्या प्रशिक्षकाचा करार एक-दोन वर्षांचा असतो, चार सामने हरला तर त्याची गच्छंती होते; वीस वर्षांच्या भारतीय पोराच्या चुका सहन करायला त्याच्याकडे वेळ नसतो. खुद्द छेत्रीही यातून सुटला नाही. 2017-18 मध्ये बेंगळुरूकडून खेळताना मध्यभागी व्हेनेझुएलाचा मिकू असायचा आणि छेत्री बरेचदा डावीकडून खेळायचा. भारताचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, आणि स्वतःच्या क्लबात त्याची हक्काची जागा परदेशी माणसाकडे! छेत्रीसारख्याची ही कथा, तर ज्याचं नाव झालेलं नाही त्या मुलाला प्रशिक्षक मध्यभागी उभं करेल कशाला?

म्हणून ‘पोरांची जागा अडवली’ हा आरोप मला पूर्ण पटत नाही. पूर्ण खोटाही म्हणता येत नाही. राष्ट्रीय संघाचे सामने वर्षाला मोजके, त्यांतला प्रत्येक सामना तरुण मुलाला काही शिकवून जातो, आणि छेत्री मैदानात असेल तर चेंडू आपोआप त्यालाच शोधत जातो; बाकीचे नजर वर करून त्यालाच बघतात. ही किंमत खरी आहे. ती मोजून नकार द्यायचं काम मात्र निवडणाऱ्याचं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या खालिद जमील यांनी मध्य आशियातल्या काफा स्पर्धेसाठी छेत्रीला घेतलं नाही. तिथं भारतानं ताजिकिस्तानला हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. आणि पुढच्याच महिन्यात, सिंगापूरविरुद्धच्या पात्रता सामन्यांसाठी, त्यांनीच छेत्रीला परत घेतलं. टीका करायचीच तर त्या निर्णयावर करायला जागा आहे. पण ती झाली छेत्रीच्या वयावर.

निकालावरून हेतू ठरवायची आपली खोडही यात आहे. मेस्सीनं 2016 मध्ये कोपा अमेरिकाचा अंतिम सामना पेनल्टीवर हरल्यावर अर्जेंटिना सोडल्याचं जाहीर केलं आणि दीड-दोन महिन्यांत निर्णय फिरवला. 2022 मध्ये विश्वचषक हातात आला, त्यामुळे आज त्याच्या त्या धरसोडीला कोणी धरसोड म्हणत नाही. झिदान 2004 मध्ये थांबला, वर्षभरानं परतला, फ्रान्सला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथं लाल कार्ड घेऊन बाहेर पडला. कॅमेरूनचा रॉजर मिला तर राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहावरून 1990 च्या विश्वचषकात उतरला आणि अडतिसाव्या वर्षी त्यानं चार गोल केले. परतण्याची इच्छा चौघांचीही तीच. जिंकला त्याची ती जिद्द म्हणायची आणि हरला त्याचा हव्यास म्हणायचं, तर आपण माणसाबद्दल काही बोलतच नाही, गुणफलक वाचून दाखवतो.

चाहत्यांना बोलायचा अधिकार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तो अधिकार छेत्रीनंच आपल्याला दिला आहे, आणि तोही मुंबईत. जून 2018. अंधेरीच्या मैदानावर आंतरखंडीय करंडकाच्या पहिल्या सामन्यात भारतानं चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, छेत्रीनं तीन गोल केले, आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडून व्हिडिओ टाकला: या, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा. 4 जूनला केनियाविरुद्ध सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानात पाणी साचलेलं, चेंडू ढकलला की दोन हातांवर थांबायचा. मध्यंतरापर्यंत गोल नाही, आणि तरी भिजलेली माणसं जागची हलली नाहीत. उत्तरार्धात छेत्रीनं पेनल्टी मारली, लगेच सहकारी जेजेनं दुसरा गोल केला, आणि शेवटच्या क्षणी छेत्रीनं गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद चेंडू उचलून तिसरा केला. तो त्याचा शंभरावा सामना होता. त्या रात्री अंधेरीत जे नातं तयार झालं त्यात शिवी द्यायची मुभा होती. अट एवढीच होती की समोर येऊन द्यायची. 2025 मध्ये ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ही अट पाळली, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

आणि मग फातोर्डा. मडगावच्या या मैदानानं छेत्रीला एकाच वर्षात दोन टोकं दाखवली. 6 एप्रिल 2025 ला लीगच्या उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात एफसी गोवानं बेंगळुरूची पहिल्या सामन्यातली आघाडी भरून काढली होती, मैदान पेटलं होतं, आणि भरपाईच्या वेळेत छेत्रीनं हेडर मारून बेंगळुरूला अंतिम फेरीत नेलं. गोव्याच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून कोण होतं? तेच मार्केझ, ज्यांनी महिन्याभरापूर्वी त्याला देशासाठी बोलावलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर होता याचा पुरावा छेत्रीनं त्यांच्याच संघाविरुद्ध दिला. सहा महिन्यांनी, 14 ऑक्टोबरला, त्याच मैदानावर छांगटेच्या गोलनं भारत सिंगापूरविरुद्ध पुढे होता. मध्यंतराच्या तोंडावर सोंग उई-यंगनं बरोबरी केली, नंतर दुसरा गोलही त्यानंच केला. 1-2. 2027 च्या आशियाई करंडकाचं दार तिथं बंद झालं. गोव्याच्या प्रेक्षकांनी त्या मैदानावर खूप फुटबॉल पाहिलं आहे. एका माणसाच्या वयामुळे संघ हरत नाही हे त्यांना कोणी सांगायला नको.

छेत्री पात्रता फेरीसाठी आला होता, पात्रतेची आशा संपली, तो गेला. सिंगापूरच्या सामन्यानंतर महिन्याभरानं, 18 नोव्हेंबरला, ढाक्यात भारत बांगलादेशकडून 0-1 हरला; बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या आधीच्या शिबिरात ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सला बोलावलं होतं. त्याच्या आईचा जन्म मुंबईचा, आणि भारताकडून खेळता यावं म्हणून त्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. कागदपत्रांअभावी त्याला त्या सामन्यात खेळता आलं नाही. गोल करणारा माणूस आपण आता इतक्या लांबून शोधतो आहोत. ढाक्यात गोल झाला नाही तेव्हा संघात छेत्री नव्हता, त्याचं वयही नव्हतं, अडवलेली जागाही नव्हती.