विहिरीला पाणी असतंय का?

बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, मांजरेच्या काठच्या एका गावात आबांचा गोठा होता. गोठ्यात देवणी गाई. देवणी गाव हद्दीपलीकडं लातूर जिल्ह्यात, पण बिदरच्या मातीतही ही जात तितकीच मुरलेली. पांढऱ्या अंगाची, काळ्या तोंडाची ती वानेरा. पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांची ती शेवरा.

कालवड घ्यायची झाली की आबा तीन खेपा करायचे. पहिल्या खेपेला कालवडीकडं बघायचेच नाहीत, तिची आई बघायचे. दुसऱ्या खेपेला धारेच्या वेळी जाऊन बसायचे. मालकाचा हात लागला की गाय अंग चोरते का, ते बघायचे. तिसऱ्या खेपेला पैसे मोजायचे.

आणि कालवड द्यायची झाली की गिऱ्हाईकानं किंमत काढायच्या आत विचारायचे, "उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी असतंय का?" उत्तर पटलं नाही तर चहा पाजून माणसाला वाटेला लावायचे. गावातले लोक म्हणायचे, आबा धंदा करत नाहीत, लेक देतात.

नातू पाचवीत होता. कलबुर्गीच्या स्टेशनावर त्यानं पोलिसांचं लॅब्राडॉर कुत्रं बघितलं होतं. फलाटावरच्या पिशव्या हुंगत जाणारं, पिवळसर रंगाचं, शांत डोळ्यांचं. तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचेना.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, चार दिवस राहिले होते. बापानं फोनवर एका पिल्लाचा फोटो बघितला, पलीकडच्या माणसाशी बोलला, निम्मे पैसे तिथल्या तिथं पाठवले. दुसऱ्या दिवशी हुमनाबादजवळ हमरस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. त्या माणसानं फळांच्या खोक्यातून पिल्लू काढून हातात दिलं.

"याची आई कुठं आहे?" बापानं विचारलं.

"ती हैदराबादला."

"लस?"

"सगळं झालंय. कार्ड फोनवर पाठवतो."

उरलेले पैसे मोजून तो निघूनही गेला. कार्ड कधी आलंच नाही.

पिल्लू तीन दिवस अंगणात दुडदुडलं. तिसऱ्या रात्री ओकायला लागलं, मग रक्ताची पातळ हगवण सुरू झाली. पहाटे बाप-लेक त्याला घेऊन बिदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले. "हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. याला पार्वो झालाय." सलाईन लावलं. पण येळवशीच्या दिवशी, उजाडता उजाडता, पिल्लू गेलं.

डॉक्टर बापाला बाजूला घेऊन म्हणाले, "कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७ सालीच झालेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. मादीची वर्षात एकापेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत, आणि सगळ्या जन्मात पाचच. तुम्ही नोंदणी विचारलीत का?"

बापानं मान खाली घातली.

त्या दिवशी शिवारात कोपीजवळ पांडवांची पूजा झाली, भज्जी झाली, आंबील झाली. पोरानं घासाला हात लावला नाही. संध्याकाळी बांधावर बसून आबा लेकाला एवढंच म्हणाले, "गाय आणायला आपण तीन खेपा करतो. लेकराच्या हातात जीव द्यायला एक फोन पुरला व्हय रे?"

पुढं दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी सुचवलेल्या पत्त्यावर तिघं निघाले. बिदरहून कलबुर्गीला जाणारी रेल्वे पकडली. तिथं एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी दोन लॅब्राडॉर माद्या होत्या. सगळे त्या बाईंना अक्का म्हणत. त्यांचं मराठी कन्नडच्या वळणाचं, पण स्पष्ट.

"पिल्लं आत्ता नाहीत," अक्का दारातच म्हणाल्या. "आई बघायची असेल तर या."

आबांचे डोळे लकाकले. त्यांना हेच हवं होतं. ते आत जाऊन जमिनीवर बसले. थोरली मादी आली, तिनं आबांचे हात हुंगले, मग जाऊन अक्कांच्या पायावर डोकं टेकवून पडली. अक्कांनी तिचा पंजा उचलला, कान उलटा केला, दात दाखवले. तिनं अंग चोरलं नाही.

अक्कांनी कपाटातून कागद आणले. मंडळाकडची नोंदणी, केनेल क्लबची वंशावळ, मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर, डोळे तपासल्याचा दाखला. मग एक एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "हे हिचे खुबे. या जातीत खुब्याचा सांधा सैल असायचा दोष असतो. बाहेरून दिसत नाही, आणि आईबापाकडून पिल्लांत उतरतो. दोघांचे खुबे चांगले असल्याशिवाय मी वेत घेत नाही."

मग त्यांनी कागद मिटले आणि विचारायला सुरुवात केली. दिवसभर घरी कोण असतं? रोज किती चालवणार? मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो तेव्हा कुत्रं कुठं झोपणार? "ही जात मुळात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांची. बर्फाच्या पाण्यात पोहायला दुहेरी केस आहेत अंगावर. आपल्या उन्हात पत्र्याखाली बांधलं तर मरेल. आणि खायला मागतंय म्हणून देत बसलात तर लठ्ठ होऊन पायानं अधू होईल. यांच्यातल्या बऱ्याच जणांना पोट भरल्याचं कळतच नाही, ते जन्मजातच असतं."

बाप जरा वैतागला. "अक्का, पैसे आम्ही देणार, आणि परीक्षा पण आमचीच?"

अक्का उत्तर देणार, तोच आबा बोलले. "गप रे. मी आयुष्यभर विहिरीचं पाणी विचारत आलो. या बाई तेच विचारायलाल्यात."

अक्कांना ते काही कळलं नाही. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "याआधी कुत्रं होतं?"

पोरानं सगळं सांगितलं. खोकं, रक्त, येळवशीची पहाट. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाळा, मग आत्ता पिल्लू असतं तरी मी तुला दिलं नसतं. त्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने, कधी वर्षभर तग धरतो. तुझ्या अंगणात तो अजून असेल. फरशी, भांडी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन काढा. माती उन्हात उघडी पडू दे. ही पावसाळ्यानंतर विईल. तोवर थांबशील?"

पोरानं मान हलवली. गालावर पाणी होतं, पण मान हलवली.

ते आठ-नऊ महिने पोरानं वाया घालवले नाहीत. अंगण खरवडलं, ऊन दिलं. घरात थंड राहणारा ओसरीचा कोपरा शोधला. बापानं चालण्याची सवय आधी स्वतःला लावून घेतली. कार्तिकात निरोप आला, तेव्हा तिघं पुन्हा गेले. त्या खेपेला फक्त बघायला. अक्का म्हणाल्या, "आठ आठवडे आईजवळच राहील. चावताना जोर किती लावायचा, हे त्याला आधी आई आणि भावंडं शिकवतात. माणसाला ते तितकं चांगलं शिकवता येत नाही."

तिसऱ्या खेपेला पिल्लू मिळालं. सोबत पहिल्या लसीचं कार्ड, पुढच्या तारखा लिहिलेल्या. आणि एक साधा कागद, अक्कांच्या हातचा: काही कारणानं सांभाळणं जमलं नाही, तर हे कुत्रं कोणत्याही वयात परत माझ्याकडं आणून द्यावं.

आबांनी तो कागद दोनदा वाचायला लावला. मग खानापूरच्या मैलार मल्लण्णाचा भंडारा पिल्लाच्या कपाळाला लावला. मल्लण्णा म्हणजे खंडोबाच, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच.

त्या येळवशीलाही शिवार भरलं होतं. लेकरं पिल्लाला खाली सोड म्हणून मागं लागली. पण लसी पुऱ्या व्हायच्या होत्या. पोरानं दिवसभर त्याला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. एका हातानं त्याला धरून, दुसऱ्या हातानं त्यानं पोटभर भज्जी खाल्ली.

वर्षं गेली. आबा थकले, खाटेवर आले. खाटेखाली ते कुत्रं, आता तोंडाभोवती पांढरं झालेलं. एके दिवशी लांबून एक माणूस वानेरा कालवड घ्यायला आला. खिशातून फोन काढून म्हणाला, "किंमत सांगा, आत्ता पाठवतो. गाडी बाहेर उभी आहे."

आबा तोंड उघडणार, तेवढ्यात गोठ्यातून नातवाचा आवाज आला.

"बसा, पाव्हणं. चहा घ्या. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी असतंय का?"

आबांनी डोळे मिटून घेतले.

तात्पर्य: जो नुसते पैसे मागतो, तो माल विकतो. जो आपल्याला चार प्रश्न विचारतो, थांबायला लावतो आणि परत घ्यायची तयारी ठेवतो, तो जीव सोपवतो. घरात जीव आणायचा तर अशाच्याच दारात जावं.