मोजायचं कुठं?

चैत्रात, बंजारा समाजाच्या रामनवमीच्या यात्रेला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत गेलेल्या माणसाला बातम्यांतलं तापमान ऐकून हसू येतं. वाशीम बेचाळीस, म्हणे. हा आकडा दर्शनबारीत उभ्या असलेल्या बाईला सांगून बघा. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं डांबर, कडेवर लेकरू, आणि मागून नंगाऱ्याच्या तालावर पुढं सरकणारी गर्दी. ती म्हणेल, बेचाळीस कुठं हो, इथं भट्टी पेटून रायली! आकडा मात्र खोटा नसतो. तो दुसऱ्या जागेचा असतो, एवढंच.

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत बसतो. मोकळ्या जमिनीवर, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीला. वारा खेळता राहील पण ऊन आत शिरणार नाही, अशी त्या पेटीची बांधणी. आपल्याकडं तिचं दारही उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्यानं ती पेटी बेतली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील. उष्णतेची लाट आली की नाही, हे हवामान खातं अशाच मापावरून ठरवतं : मैदानी भागात कमाल तापमान ४० गाठून नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वर चढलं, किंवा थेट ४५ ला पोचलं, की लाट. देशभर एकाच पद्धतीनं मोजायचं तर सावली हवी, वारा हवा, ठरलेली उंची हवी. मान्य. पण रांग सावलीत उभी नसते.

मोजायचं कुठं, हाच प्रश्न थंड मुलखातल्या घरांत भिंतीवर टांगलेला असतो. पोहरादेवीला घर तापवायचं यंत्र लागावं असा हिवाळा नाही. पौषात शेकोटी आणि गोधडी पुरते. अमेरिकेत, कॅनडात लेकाकडं हिवाळा काढायला गेलेल्या आईवडिलांना मात्र थर्मोस्टॅट नावाच्या डबीची ओळख पहिल्याच आठवड्यात होते. डबी असते मधल्या बोळात. आईबाबांची खोली असते टोकाला, उत्तरेच्या खिडकीची. बोळात ६८ फॅरनहाइट, म्हणजे आपले २० अंश, झाले की डबी समाधानानं भट्टी बंद करते. टोकाच्या खोलीत आई स्वेटरवर शाल ओढून बसलेली. मग लेक आकडा वाढवतो, सून खिडकी उघडते, आणि जेवणाच्या टेबलावर विजेच्या बिलाचा विषय निघतो.

अशा वेळी नवा, महागडा, मोबाइलवर चालणारा थर्मोस्टॅट आणायची सगळ्यांना घाई. बदलणं तसं अवघड नाही. मेन स्विच बंद करायचा, जुन्या डबीच्या तारा सोडवण्याआधी त्यांचा फोटो काढायचा, अक्षरं जुळवून नव्या डबीत खोचायच्या. जुनी डबी पाऱ्याची निघाली तर ती कचऱ्यात टाकायची नाही. खरी अक्कल लागते ती जागा निवडताना. आतली भिंत हवी, बाहेरची नको. उंची सुमारे पाच फूट. ऊन पडणारी जागा नको, स्वयंपाकघराची शेजारीण नको, गरम हवेच्या झरोक्यासमोर तर नकोच. आणि एक बारीक गोष्ट, जी सराईत माणूसही कधी विसरतो : तारा ज्या भोकातून येतात ते भोक बुजवायचं. नाहीतर भिंतीच्या पोकळीतली गार हवा डबीच्या पाठीला लागत राहते, आणि घर उकडलं तरी तिची थंडी जात नाही.

या यंत्राचा एक पूर्वज शाळेत जन्मला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले प्राध्यापक वॉरेन जॉन्सन यांना तापमान बघायला सारखं वर्गात येणाऱ्या शिपायाचा व्यत्यय होई. त्यांनी १८८३ साली ज्या उपकरणाचं पेटंट घेतलं ते आपणहून भट्टी चालवत नव्हतं. तळघरातल्या माणसाकडं नुसती घंटा वाजवी. निर्णय माणसाचा, खबर यंत्राची. मला ती वाटणी आजच्या डबीपेक्षा शहाणी वाटते, पण ते असो.

यात्रेतल्या थंड पेयांच्या दुकानात जुना फ्रिज असतोच. त्याचा थर्मोस्टॅट गेला की मेकॅनिक नवा टाकतो, आणि त्या बटणावरचे एक ते सात हे अंश नसतात हे गिऱ्हाइकाला परत एकदा समजावतो. त्या थर्मोस्टॅटला एक बारीक तांब्याची नळी असते. तिचं टोक फ्रीजरच्या गार पत्र्याला क्लिपनं घट्ट चिकटलेलं हवं. उन्हाच्या घाईत ते टोक लोंबकळतं राहिलं तर त्याला गारवा कळतच नाही. कॉम्प्रेसर थांबत नाही, मागच्या बाटल्यांचा बर्फ होतो आणि मालक म्हणतो, नवा माल खराब निघाला. मालाला काय झालंय? तो जिथं लोंबकळतो तिथली बातमी इमानानं देतोय.

वऱ्हाडातल्या कूलरला बहुतेक थर्मोस्टॅट नसतोच. ते काम घरातलं कुणीतरी करतं. रात्री वाळ्याच्या ताटीवरून येणारा वारा सगळ्यांना हवासा. पहाटे चारला अंगावर काटा येतो. मग कुणीतरी उठून पाण्याचा पंप बंद करतं आणि पंखा तेवढा चालू ठेवतं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक घरची आई, तांड्यावरची याडी. कारण ती झोपते कूलरपासून सगळ्यात लांब, दाराशी, आणि लेकरांच्या अंगावर हात फिरवून गारठा पारखते. घरमालक कूलरच्या तोंडाशी झोपलेला, म्हणून त्याचं मत रात्रभर एकच : थोडा अजून वाढव. एसीचंही तसंच. बटण १६ वर नेलं म्हणून खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त उशिरा थांबतं. ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०२० पासून नव्या एसींना मुळातच २४ वर सुरू व्हायला लावलं, ते या सवयीला थोडा लगाम म्हणूनच.

कुठल्याही यात्रेचं नियोजन ज्या खोलीत होतं तिथं कूलर चालू असतो. यात कुणाचा दोष नाही. कागद, फोन, माणसं, सगळं तिथंच येतं. पण मंडप किती घालायचा, दुपारी बारी थांबवायची का, ओआरएसची पाकिटं कुठल्या वळणावर ठेवायची, हे त्या गार हवेत बसून ठरतं. चार-पाचशे रुपयांत चांगला तापमापक मिळतो. रामनवमीच्या आदल्या दिवशी तो बारीच्या शेवटच्या टोकाला, पत्र्याच्या मंडपाखाली, पाच वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या उंचीला टांगावा आणि एका स्वयंसेवकानं दर तासाला तिथला आकडा त्या खोलीत कळवावा. आकडा आला की मग पाण्याचा टँकर कुठं उभा करायचा ते बोलू.