बसायची जागा

१ फेब्रुवारी १९६०. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरातलं वूलवर्थ, म्हणजे सगळं एका छपराखाली विकणारं मोठं दुकान. चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तिथे टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या आणि दुकानातल्याच खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. ती मिळाली नाही. पैसे चालले, माणसं चालली नाहीत.

त्या पावत्यांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो. ठरावीक किमतीची चिठ्ठी लावणाऱ्या या दुकानांचा, पॅरिसच्या बों मार्शेपासूनचा, तोराच असा की गिऱ्हाईक कोण हे विचारायची गरज नाही. मग कॉफीपाशीच ती का पडावी? विकताना क्षणभर हात पुढे करावा लागतो. खाताना शेजारी बसावं लागतं. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द असलेल्या भाषेला हे वेगळं समजवायला नको.

पण आपल्याकडे चौकशी आधी चुलीपाशी होते: रांधलं कोणी? त्या काउंटरमागे मात्र कृष्णवर्णीय बायका राबत होत्या आणि त्यांच्या हातचं गोऱ्यांना चालत होतं. म्हणजे अडचण स्पर्शाची नव्हती. त्यांनी उभं राहून वाढावं, एवढंच हवं होतं. आपल्या विटाळाच्या तळाशीही हेच असावं, असं मला वाटतं. शास्त्र नंतर चिकटवलेलं.

अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहं आणि हॉटेलं सर्वांना खुली केली. नुसती दुकानं त्या कलमात नाहीत. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५ दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं एका दमात घेतो, विहिरी आणि तलावही. इथे माणूस दुकानाच्या पायरीवरच अडवला जात होता, पाण्यापाशी तर त्याही आधी.

वूलवर्थचा काउंटर २५ जुलैला खुला झाला, तो धंदा बसला म्हणून. त्याला नीतीचा विजय म्हणावं का, असं विचारणारे असतात. दुकानाला पश्चात्ताप झाला की नाही, याची मला फारशी फिकीर नाही. माणसाला खुर्ची हवी होती, मालकाचं मन नको होतं. त्या दिवशी सर्वांत आधी तिथे बसून जेवले ते दुकानातलेच कृष्णवर्णीय कर्मचारी. गणवेश उतरवून, आपले रोजचे कपडे घालून या, असं त्यांना सांगितलं होतं.