माळ कोणी मोडली?

वाचक माऊली, जवळजवळ पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे साथ देत नाहीत, आवाजही बसला, म्हणून नारदाची गादी सोडून घरी बसलो आहे. रिकामपणी मागचे आठवते. लोकांनी केलेले कौतुक फारसे आठवत नाही, आपल्या हातून झालेल्या चुका मात्र आठवतात. त्यांतली एक आज आपल्यापुढे ठेवतो, कारण ती चूक माझ्या एकट्याची नाही. आपल्या सांप्रदायिक मंडळींत ती आजही होते.

तीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावी सप्ताहात कीर्तन होते. काल्याच्या दिवशी पस्तिशीचा एक गडी पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, माळ घाला. आजपासून दारू सोडली." दहा-बारा वर्षे तो रोज पीत होता, सकाळी डोळे उघडले की आधी बाटली. बायको मागे पदर तोंडाला लावून उभी होती. मी माळ घातली, पाठीवर हात ठेवला, "निर्धार पक्का ठेव, पांडुरंग सांभाळील" असे म्हणालो आणि पुढच्या गावी निघून गेलो.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या गावी जाणे झाले. त्याची बायको आली आणि फडक्यात गुंडाळलेली माळ माझ्या हातात देऊन काही न बोलता निघून गेली. गावकऱ्यांनी सांगितले, गड्याने तिसऱ्या दिवशीच माळ काढली. मला राग आला. त्या रात्रीच्या कीर्तनात मी नाव न घेता दृष्टान्त दिला. तीन दिवसांच्या माळकऱ्याची नक्कल केली. सभा हसली. गावात कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. तो मागे खांबाशी बसला होता. उठून गेला, आणि पुन्हा कधी देवळात आला नाही. दोन वर्षांनी रक्ताच्या उलट्या होऊन वारला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, "महाराज, त्यांना माळ टाकायची नव्हती. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला पाणी सुटलं. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले, मलाच ओळखंनात. बाधा झाली म्हणून देवऋषी आणला. मग दिरानं घोटभर पाजली, तेव्हा शांत झाले. शुद्धीवर आल्यावर रडले आणि म्हणाले, प्यायलेल्या अंगावर माळ नको, महाराजांना नेऊन दे."

माऊली, ज्याला मी माळ मोडणारा म्हणून हसवले, त्याने माळेचा मान राखण्यासाठी ती उतरवली होती. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे आहे. व्यसनात पडलेला माणूस पापी की रोगी? पापी असेल तर त्याला उपदेश पुरे. रोगी असेल तर नुसता उपदेश करून परतणारा मी कोण?

पुढे काही वर्षांनी आषाढीच्या वाटेवर एका मुक्कामी वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांजवळ हे बोललो. त्यांनी सोप्या भाषेत समजावले. रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोलून धरण्यासाठी उलट दिशेने सतत जोर लावत असतो. दारू एकदम बंद झाली की तो जोर मोकळा सुटतो. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे कळेल. भरल्या मोटेचा दोर तुटला तर ओढणारे बैल पुढे तोंडावर कोसळतात. तसेच हे. पहिल्या दिवशी थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत कोणाला फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत कोणाला भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत. उपचार झाला नाही तर यात जीवही जातो. उपचार अवघड नाही. काही दिवस मोजून दिलेल्या गोळ्या, ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, पाणी, आणि जवळ लक्ष ठेवणारे माणूस. त्रास सौम्य असेल तर गावच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली भागते. फिटचा किंवा भ्रमाचा धोका असेल तर रुग्णालयात ठेवावे लागते.

म्हणजे त्या गड्याचा निर्धार कच्चा नव्हता. त्याचा देह कोसळत होता, आणि आम्ही सारे त्याच्या निर्धाराची परीक्षा घेत बसलो होतो.

घरी येऊन गीता उघडली. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसताना कोणी बळेच ओढून न्यावे तसा माणूस पाप का करतो? हा प्रश्न अर्जुनालाही पडला, याचा मला धीर वाटला. मग अठरावा अध्याय पाहिला. तिथे भगवंत कर्माची पाच कारणे सांगतात. अधिष्ठान म्हणजे हा देह, मग कर्ता, मग करण म्हणजे इंद्रिये आणि मन, मग वेगवेगळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. हे निरूपण मी शेकडो वेळा केले होते. परंतु दारुड्या समोर आला की पाचांतला एक कर्ता तेवढा धरत होतो आणि त्याच्यावर सगळा भार टाकत होतो. ज्याचे अधिष्ठान विषाने भिजले आहे, ज्याचे करण बिघडले आहे, त्याला "तू मनात आण" म्हणणे म्हणजे मोडक्या पायाच्या वारकऱ्याला "पाय उचल" म्हणण्यासारखे आहे. केवळ एकट्याला कर्ता मानणाऱ्याची बुद्धी संस्कार झालेली नाही, असे भगवंतांनी तिथेच म्हटले आहे. तो ठपका मी माझ्याकडे घेतला.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हे माहीत होते. चरकसंहितेत शरीराचे दोष वेगळे आणि मनाचे दोष वेगळे मोजले आहेत, आणि मद्यातून होणाऱ्या विकाराला मदात्यय असे नाव देऊन त्याच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. रोग म्हणणे हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नव्हे.

आता आपल्या मनात आक्षेप येतील, ते यावेतच.

पहिला आक्षेप, नाम पुरेसे नाही का? माऊली, वारीत पायाला फोड आला तर आपण मलमपट्टी करतो. मी मोतीबिंदू काढून घेतला तेव्हा माझी निष्ठा कमी पडली असे कोणी म्हणाले नाही. उलट पुन्हा ज्ञानेश्वरी वाचता आली म्हणून सर्वांना आनंद झाला. मग मनाच्या दुखण्यालाच औषध घेतले की नामावरचा विश्वास कसा उडतो? ज्याला उदासीनतेचा आजार आहे त्याच्या ओठावर नाम येते, पण त्यातला गोडवा त्याला लागत नाही. ताप आलेल्याला साखर कडू लागते, तो साखरेचा दोष नव्हे आणि त्याचाही नव्हे. ताप उतरवावा, साखर पुन्हा गोड लागेल.

दुसरा आक्षेप, गोळ्या म्हणजे दुसरे व्यसनच. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे, म्हणून तर त्या डॉक्टरांच्या हाताने, मोजून, थोडे दिवस घ्यायच्या असतात. उदासीनतेवरची औषधे नशा आणत नाहीत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, आपल्या मनाने ती बंद करू नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. रोग म्हटला की जबाबदारी संपली का? बायकोला मारले, मुलीच्या लग्नाचे पैसे उडवले, ते सगळे रोगाच्या नावावर धुतले जाणार का? नाही. मधुमेह झाला हा कोणाचा गुन्हा नव्हे, पण पथ्य रोग्यानेच पाळायचे असते. व्यसनी माणसानेही उपचाराला जाणे, झालेल्या नुकसानीची भरपाई करणे आणि ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागणे, हे त्याचेच कर्तव्य आहे. उपचाराने कर्तव्य सुटत नाही. ते पार पाडण्याइतके बळ मात्र येते. आणि मार खाणाऱ्या माऊलीला "सोस, त्याला रोग आहे" असे तर कोणीही सांगू नये.

बरे, उपचार हवा हे मानले, पण तो मिळतो कुठे? महाराष्ट्रात सरकारची जुनी मोठी मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले आणि व्यसनी माणसाला प्रेमाने वागवता येते हे दाखवले. पण आडगावच्या माणसाला तिथवर जायचे तर मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, आणि परत आल्यावर "येरवड्याला जाऊन आला" हा शिक्का बसतो. तो शिक्का नको म्हणून माणसे दुखणे लपवतात. २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. तीत शंभर प्रौढांमागे दहांहून अधिक जणांना मनाचा आजार आढळला, आणि दारूच्या आजाराच्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता.

इथे मला नेवासे आठवते. शके १२१२ मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. ज्ञान आधीही होते, पण ते ज्या भाषेत होते तिथवर शेतकऱ्याची, बायाबापड्यांची वाट नव्हती. माणसाने ज्ञानाकडे जावे म्हणून ते थांबले नाहीत, ज्ञानालाच त्यांच्या दारी आणले. मनाच्या उपचाराचेही तसेच व्हायला हवे. तो येरवड्याहून निघून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला पाहिजे.

याला एक व्यवहारी कारणही आहे. आपल्याकडे कोणी "मला उदास वाटते" असे सांगत नाही. "अंग दुखतं, डोकं जड झालंय, झोप नाही, अन्न गोड लागत नाही" असे सांगतात, आणि हे सांगायला माणूस गावच्या दवाखान्यातच जातो. तिथल्या डॉक्टरांनी, परिचारिकेने किंवा आशाताईने आणखी दोन प्रश्न विचारले तर खरे दुखणे तिथेच सापडते. बाळंतीण, क्षयाचा रोगी, मधुमेही, यांची मने खचलेली असतात. क्षयाचा रोगी दारू पीत असेल तर त्याचा औषधांचा क्रमही मोडतो. एकाच देहातली दुखणी आहेत, ती एकाच ठिकाणी पाहिलेली बरी. शिवाय तिथल्या बाकावर तापाचा आणि मनाचा रोगी शेजारी शेजारी बसतात. कोण कशासाठी आला हे कोणी विचारत नाही.

सरकारने हे मान्य केलेले आहे. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला, आणि २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. कागदावर सारे आहे. पण साध्या भागात तीस हजार वस्तीला एक केंद्र, बाहेर रांग, आतल्या डॉक्टरांना एका रोग्यासाठी दोन-तीन मिनिटे. इतक्या वेळात मनाची गाठ कशी सुटावी?

याचे उत्तर शेजारच्या गोव्यात शोधले गेले. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवले. दारूने नुकसान होऊ लागलेल्या, पण पुरते गुलाम न झालेल्या पुरुषांशी ते चार बैठकींपर्यंत बोलले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, तीन महिन्यांनी अशा शंभरांपैकी ३६ जणांचे पिणे धोक्याच्या खाली आले होते. ज्यांना हे बोलणे मिळाले नाही त्यांच्यांत ते प्रमाण २६ होते. आकडा लहान वाटेल. पण शंभरांमागे दहा घरांत जास्त चूल शांतपणे पेटली, असा त्याचा अर्थ मी लावतो. आणि हे काम ऐकून घेणाऱ्या माणसांनी केले. ऐकून घेणे शिकता येते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

म्हणून कीर्तनकार, विणेकरी, दिंडीचालक आणि प्रत्येक माळकरी बंधुभगिनीला माझी विनंती आहे. व्यसनी माणूस माळ मागायला आला तर माळ जरूर घाला, पण आधी विचारा. रोज पितोस का? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? मागे बंद केली तेव्हा फिट आली होती का? होय म्हणाला तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा, आणि स्वतः सोबत बसा. तो पुन्हा घसरला तर त्याची नक्कल करू नका. या आजारात घसरणे पुष्कळांचे होते. एखाद्याची वारी चुकली तर पुढल्या वर्षी आपण त्याला दिंडीत घेतोच ना?

कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलला तर "असे बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका. "मरणाचा विचार येतो का?" असे सरळ, मायेने विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, घरातले कीटकनाशक दूर ठेवा, आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट बोलता येते, मराठीतूनही. हा क्रमांक देवळाच्या फळ्यावर एकादशीच्या शेजारी लिहून ठेवा. आणि आपल्या गावच्या केंद्रात मनाची औषधे आहेत का, मनाचे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, हे ग्रामसभेत विचारा. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आपण दारोदार फिरतो, यासाठी चार पावले चालायला हरकत नसावी.

ती फडक्यात गुंडाळलेली माळ अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे. ती त्याने मोडली नव्हती. मोडली असेल तर ती मी, त्या भरल्या सभेत मोडली. त्याची क्षमा मागायला आता तो नाही. आपल्या गावात असा कोणी असेल तर त्याच्यापाशी वेळेवर जाऊन बसा, एवढेच मागणे.

रामकृष्ण हरी.